साळुबाईच्या फिल्मची पट्टी

मी, हौशीराम भगवंत बोऱ्हाडे, वय बासष्ट, राहणार शिनोली, तालुका आंबेगाव. दोन वर्षांपूर्वीपर्यंत घोडेगावात एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढत होतो. फुप्फुसाला कर्करोग आहे, डोकं मात्र ठिकाणावर आहे. मला कोणी दटावलेलं नाही, पढवलेलं नाही. माझ्यामागे कशाचं काय करायचं ते राजीखुशीने लिहून ठेवतो.

एक. राहतं घर व ओढ्याकडचं बारा गुंठे रान मुलगा ऋषी व मुलगी आरती यांना निम्मं निम्मं. आरती सासरहून परत आली म्हणून तिचा वाटा कमी होत नाही, हे ऋषीने नीट वाचावं.

दोन. फिल्मवर नंबर उमटवायचे शिशाचे आकडे मी न विचारता घरी आणले होते. ते दवाखान्यात परत द्यावेत. डॉक्टरांना माझा रामराम सांगू नये.

तीन. लोखंडी पेटीत एक्स-रे फिल्मची चार बोटं रुंद पट्टी आहे. ती आरतीची. ती का, हे लिहिल्याशिवाय मला सुखाने मरता येणार नाही.

१९९५च्या दिवाळीत सूर्यग्रहण होतं. लोक जुन्या फिल्म मागायला आले. फिल्ममधून सूर्य बघू नये हे मला ठाऊक होतं, पण त्या दिवशी मला लई भाव आला होता. दवाखान्यातला जुना गठ्ठा आणला, कात्रीने पट्ट्या केल्या आणि ओट्यावर बसून वाटल्या. शेजारचे गेणभाऊ लोहकरे पट्टी डोळ्याला लावून म्हणाले, "भाऊ, ह्यात दोन सूर्य दिसत्यात." मी हसलो. म्हटलं, फुकट मिळतायत तर दोन बघा.

जानेवारीत माझी बायको साळुबाई खोकू लागली. तिने कधी मिसरीसुद्धा लावली नाही. धूर होता तो चुलीचा. फिल्म मीच काढली. उजवीकडे वर लिंबाएवढा पांढरा डाग. फिल्मवर रोग पांढराच दिसतो. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांपूर्वी बरगडीला मार लागला तेव्हाची फिल्म आण. डाग तेव्हाही एवढाच असेल तर जुना व्रण, वाढला असेल तर पुण्याला न्यावं लागेल. ती फिल्म त्याच गठ्ठ्यात होती. मी सांगितलं, सापडत नाही. मग क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. दहा महिने तिने त्या बिनतक्रार गिळल्या आणि गेली. चूक माझी. पण पुण्याला पाठवायला डॉक्टरांना कोणी अडवलं होतं?

दहाव्याला गेणभाऊ आपली पट्टी परत घेऊन आले. कोपऱ्यात साळुबाईचा नंबर, खाली बोराएवढा डाग. ग्रहणापासून त्यांच्या उजव्या डोळ्यात तेवढाच पांढरा ठिपका राहिला आहे. नजर जाईल तिकडे तो जातो. त्यांनी खाली बघत सांगितलं, "गिराण सुटल्यावर वहिनी अंगणात आल्या, तवा त्यो त्यांच्या छातीवर बसून राहिला व्हता. मला वाटलं, डोळं दिपलं."

गेल्या वर्षी ते माझ्या छातीकडे टक लावून पाहत राहिले. मी काही विचारलं नाही. आवाज बसला होता, फुप्फुसाच्या रोगात फुगतात तशी बोटांची टोकं फुगली होती. मुंबईला गेलो.

चार. मुंबईच्या इस्पितळात माझ्यावर नव्या लसीचा प्रयोग झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगातले राखणदार या रोगाला घरचाच समजून सोडून देतात. तो परका आहे हे लस त्यांना शिकवते. माझे राखणदार शिकले नाहीत. पण ही माणसं शोध सोडणार नाहीत, पुढच्यांना औषध मिळेल. माझ्या फुप्फुसाचा तपासणीसाठी काढून मेणात बसवलेला तुकडा तिथे आहे, तो अभ्यासाला द्यावा.

पाच. गेणभाऊंचा डोळा माझ्यामुळे अधू झाला. त्यांना माझा रेडिओ द्यायचा होता, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही म्हणतात, आणि साक्षीला मला तेच हवेत. आरतीने तो आपणहून द्यावा.

सहा. हे सहीआधी वाढवलं. आत्ता आरती चहा घेऊन आली. गेणभाऊंनी तिच्याकडे पाहिलं आणि चहा न पिता कप खाली ठेवला. या वेळी मी विचारलं. ते म्हणाले, "त्यो हलतच न्हाई, भाऊ."

हे कलम माझ्या मरणाची वाट बघणार नाही. ऋषीने उद्या पहिल्या एसटीने आरतीला पुण्याला न्यावं. कोणी क्षय म्हणालं तर उठून दुसऱ्याकडे जावं. दवाखाना सोडायच्या दिवशी, तिला काही होत नसताना, मी तिच्या छातीची एक फिल्म काढून ठेवली होती. ती पेटीत पट्टीखाली आहे. अख्खी आहे, तिला कात्री लागलेली नाही. आधी ती डॉक्टरांपुढे ठेवावी.

हौशीराम भगवंत बोऱ्हाडे (सही)

आम्हां दोघांच्या डोळ्यांदेखत हौशीरामभाऊंनी वाचून सही केली:
१. गेणभाऊ जानकू लोहकरे, शिनोली
२. अमृतलाल मुथा, व्यापारी, घोडेगाव

शिनोली, दि. १४ नोव्हेंबर २००७