ब्राझीलचे देव किती?

आदरणीय बायनाआत्या,

सविनय जय भीम. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरने दिलेला पट्टा पायाला बांधतेस की खुंटीला? देवरावमामाजींचा खोकला थांबला असेल, आणि थांबला नसेल तर त्यांना सांग की त्यांनी बिडी सोडल्याशिवाय खोकला त्यांना सोडणार नाही. तुझ्या रिनाला आशीर्वाद. यापुढे ‘मी इकडे सुखरूप आहे’ असं लिहायचा रिवाज आहे, पण मी सुखरूप नाही, मी संतापलेलो आहे. फोन का केला नाही म्हणून तू आणखी संतापू नकोस. एक तर पूर आल्यापासून इथला टॉवर मेलेला आहे. दुसरं म्हणजे फोनवर तू ऐकत नाहीस, फक्त बोलतेस. पत्राला मध्येच अडवून ‘काऊन रे, जेवला का नाई?’ असं विचारता येत नाही, एवढाच पत्राचा फायदा. (जेवलो. खिचडी.)

माझी बदली वडशाला करून देणारा जो माणूस तुला भेटला आहे, त्याला सांग की लवकर कर. मागच्या वेळी मी ‘पाहू’ म्हणालो होतो, ते विसर. मला आता भामरागडच्या पुढच्या या आश्रमशाळेत एक दिवस राहायचं नाही. का, ते सांगतो. लांबण लागेल, तेव्हा पाय लांब करून बस.

तू सगळ्या मोहल्ल्यात सांगतेस की भाचा हायस्कुलात मास्तर आहे. आत्या, मी मास्तर नाही, मी इतिहास-भूगोलाचा मास्तर आहे, आणि या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मास्तर म्हणजे गणिताचे सर. त्यांचा तास म्हणजे तास. माझा तास म्हणजे पडीक जमीन, कोणीही यावं आणि नांगर घालावा. ‘तुमचं काय सर, गोष्टीच तर आहेत, पोरं घरी वाचतील,’ असं म्हणत ते माझ्या वर्गात शिरतात आणि मी खडू-डस्टर घेऊन व्हरांड्यात येतो. व्हरांड्यात आलो की मुख्याध्यापकांना मी रिकामा दिसतो. मग मतदार यादी माझी, जनगणना माझी, प्रत्येक जयंतीचं भाषण माझं, झेंड्याची दोरी अडकली तर वर चढायचं तेही मी. कारण काय, तर नागरिकशास्त्र माझ्याकडे आहे! (नागरिकशास्त्राच्या पुस्तकात समतेचा धडा आहे. तो शिकवायला तास मिळाला नाही.)

तर एवढं करून जो उरेल त्या वेळात दहावीला मी काय शिकवतो? ब्राझील. हसू नकोस. दहावीचा सगळा भूगोल भारत आणि ब्राझील, ब्राझील आणि भारत असाच आहे. त्यांची नदी, आपली नदी. त्यांचा पाऊस, आपला पाऊस. त्यांची माणसं किती, आपली किती. आमची पोरं पावसाळ्यात तालुक्याला जाऊ शकत नाहीत, मी त्यांना वर्षभर ब्राझीलला नेऊन आणतो. जून-जुलै मी घसा फोडला, पण एकाच्या डोक्यात काही राहिलं असेल तर शपथ. मी खाली बघून शिकवायचो आणि पोरं खिडकीतून स्वयंपाकघराकडे बघायची, कारण दहावीचा वर्ग आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत आहे आणि वास भिंतीला जुमानत नाही.

आता आशाबाईंचं सांगतो. आशाबाई शाळेत स्वयंपाक करतात, आणि उरलेल्या वेळात आसपासच्या गावांच्या सोयरिकी जुळवतात. (त्यांनी जुळवलेल्या निम्म्या मोडल्या, पण त्या नेहमी समोरच्यांच्या चुकीने.) माझ्या तासाला त्या खिडकीखाली तांदूळ निवडत बसायच्या. एक दिवस मी फळ्यावर रेघ मारून इकडे भारत, तिकडे ब्राझील करत होतो, तर खिडकीतून त्यांचं डोकं वर आलं. म्हणाल्या, ‘‘मास्तर, मी लई दिवसाची आयकून राह्यली. त्यायचं पाणी किती, जमीन किती, मानसं किती, सारं इचारून झालं. हे तं तुमी सोयरीक जुळवून राह्यले. मंग मुद्द्याचं काऊन नाई इचारत? ब्राझीलचे देव किती?’’

तुला वडशात बसून हे कळणार नाही, म्हणून सांगतो. इथल्या घरांमध्ये कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात देवांचे. ज्यांचे देव सारखे ते आपसात भाऊ, त्यांच्यात लग्न होत नाही. देव वेगळे असले तरच सोयरीक. तेव्हा कोणी कोणाकडे स्थळ बघायला गेलं की पहिला प्रश्न हाच. मी म्हटलं, बाई, ते पुस्तकात नाही. तर म्हणाल्या, ‘‘मंग कायचं पुस्तक?’’ आणि खाली बसल्या. सगळा वर्ग खदाखदा हसला. मी असा भडकलो की तास अर्धा सोडून निघून गेलो. माझा अपमान गणिताचे सर करतात, मुख्याध्यापक करतात, आता तांदूळसुद्धा करू लागला!

पण दुसऱ्या दिवशी काय झालं ते ऐक. वर्गात पाऊल टाकलं तर पोरं माझी वाट बघत होती. (माझी! गणिताचे सर दारातून परत गेले.) लालसू नावाचा पोरगा, जो वर्षभरात ‘हजर सर’शिवाय काही बोलला नव्हता, उठून म्हणाला की ब्राझीलमध्ये बाया पुरुषांपेक्षा जास्त, म्हणजे मागणी तिकडूनच येणार, आपण घाई करू नये. कोणी म्हणालं, माणसं सगळी समुद्राच्या काठाला, आतल्या जंगलात वस्ती विरळ, तर पोरगी नेमकी कुठल्या गावात द्यायची ते आधी विचारा. एकाने काढलं की आपल्याकडे उन्हाळा तेव्हा तिकडे हिवाळा, मग लग्नाचा हंगाम धरायचा कोणाचा? आत्या, धडेच्या धडे पाठ झाले. घटक चाचणीत नापास होणारी पोरं ब्राझीलच्या नद्यांवर भांडू लागली. मीही मग लाज सोडली आणि आशाबाईंना खिडकीतून आत बोलावून घेतलं. आता मी मास्तर असल्यासारखं मला वाटायला लागलं होतं. तिथेच दृष्ट लागली.

ऑगस्टमध्ये शाळा तपासायला एक साहेब आले. सकाळी येऊन दुपारी जाणार होते, पण दुपारी पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं आणि साहेब अडकले. बूट भिजलेले, टॉवर बंद, रोज खिचडी. पहिल्या दिवशी रजिस्टरं तपासली, मग भांडी मोजली, मग झाडं मोजली. तपासायला काही उरेना तेव्हा आशाबाईंशी गप्पा मारायला गेले. आशाबाईंनी वाढता वाढता विचारलं, ‘‘साहेब, तुमचे देव किती?’’ साहेब हसून म्हणाले, तेहतीस कोटी. आशाबाईंचा पळा हवेतच थांबला. ‘‘बाप्पा! मंग तुमच्यात कोन कोनाचा भाऊ, हे कळते कसं?’’ साहेब ताट अर्धं टाकून ऑफिसात आले आणि म्हणाले, दहावीच्या घटक चाचणीचे पेपर काढा.

पेपर मी तपासलेले होते. त्यात रंजीताचा पेपर त्यांच्या हाती लागला. रंजीता म्हणजे वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी. बोलणं कमी, पण बोलली की समोरच्याला खाली बसावं लागतं. प्रश्न चार गुणांचा होता: भारत व ब्राझील यांच्यातील साम्य व भेद लिहा. तिने लिहिलं होतं ते मला पाठ आहे, वाच:

‘दोघांकडे मोठं जंगल आहे. दोघांच्या जंगलात माणसं राहतात. दोघांच्या जंगलात रस्ता, खाण आणि धरण कुठे करायचं, ते जंगलात न राहणारी माणसं ठरवतात. त्यांच्याकडे उन्हाळा असतो तेव्हा आपल्याकडे हिवाळा असतो. ब्राझीलचे देव किती ते पुस्तकात दिलेलं नाही, पण दोघांचं दुखणं सारखं आहे म्हणून त्यांना भाऊ धरावं. भावात सोयरीक होत नाही. भावाच्या घरी अडचण आली तर जावं लागतं. ब्राझील दूर आहे म्हणून जाता येत नाही.’

मी चारपैकी चार दिले होते. पाच असते तर पाच दिले असते. साहेबांनी माझ्या चारावर काट मारून शून्य घातलं. बरं, तेवढ्यावर थांबले असते तर मीही दात ओठ खाऊन गप्प बसलो असतो. पण त्यांनी चष्मा काढला आणि वडशाच्या नाटकातला खलनायक बोलतो तसं हळू आवाजात विचारलं, ‘‘हे खाणीचं, धरणाचं, हिला कोण सांगतं?’’ आत्या, वडशात हा प्रश्न साधा आहे. इथे नाही. इथे असं एक वाक्य कागदावर वर गेलं तर त्या पोरीच्या घरी कोण कोण चौकशीला येईल, सांगता येत नाही. मी म्हटलं, कोणी सांगत नाही, ती तिथे राहते. तर म्हणाले, तुम्ही लेखी द्या की हे तुम्ही शिकवलेलं नाही, मुलीकडून गाईडप्रमाणे उत्तर पुन्हा लिहून घ्या, नाहीतर मी नावासकट अहवाल पाठवतो. मुख्याध्यापक मान डोलावत होते. त्यांची मान तेवढ्यासाठीच आहे.

मी रंजीताला बोलावलं. तिने शून्य पाहिलं आणि मला विचारलं, ‘‘सर, मी चुकली कुठी, तेवढं सांगा. मंग लिहून देतो.’’ बी.एड. केलं, एवढी वर्षं शिकवतो आहे, आणि मला तिची चूक सापडेना! मी तिला वर्गात पाठवलं आणि ऑफिसात जाऊन जे बोललो ते आत्याला लिहिण्यासारखं नाही. (मामाजींना विचार, तसलं त्यांना येतं.) शेवटी साहेब ओरडले, ‘‘तुम्हाला अशा ठिकाणी बदलीवर टाकीन की आयुष्यभर आठवण राहील!’’ मी म्हटलं, टाका ना! कुठे टाकता? सगळ्या महाराष्ट्रात ज्याला शिक्षा द्यायची त्याला इकडे धाडतात. मी इकडेच आहे. माझ्यापुढे नदी आहे आणि नदीपुढे दुसरं राज्य. आहे का तुमच्याकडे आणखी काही? नव्हतं. पाणी उतरलं तसे साहेब गेले, जाताना सोमवारपर्यंतची मुदत देऊन गेले.

मी काही लिहून देणार नाही. एक अक्षर नाही. शून्य खोडून पुन्हा चार लिहिले आहेत आणि बाजूला सही केली आहे. पण या लोकांबरोबर मला काम करायचं नाही. असल्या खात्यात पोरांना समाज शिकवायचा म्हणजे बहिऱ्यापुढे डफ वाजवायचा. तेव्हा त्या माणसाला सांग आणि मला वडशाला ने. तिथे नववीला ठेवा, आठवीला ठेवा, कुठेही ठेवा, फक्त ब्राझील नको.

मामाजींना जय भीम.

तुझा भाचा,
संघपाल

ता. क. पट्टा पायालाच बांध. रिनाला विचारून खात्री करीन.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घातलं आणि नाल्याला पुन्हा पाणी आलं, म्हणून ते पडून राहिलं. बरं झालं. आता वरचं बदलीचं सगळं खोड. त्या माणसाकडे आजच जा आणि त्याला सांग, यंदा नको, काम सुरू केलं असेल तर थांबव. साहेबांच्या हातून माझी बदली होत नाही, पण तुझ्या हातून होईल, आणि तू एकदा धरलेलं सोडत नाहीस हे मला माहीत आहे. म्हणून हात जोडून सांगतो, निदान मार्चमध्ये बोर्डाचे पेपर होईपर्यंत मला इथून हलवू नकोस.

झालं असं की सोमवारच्या आत रंजीता एकटी मुख्याध्यापकांकडे गेली. मला न विचारता. त्यांच्यासमोर बसून तिने गाईडमधलं उत्तर लिहून दिलं, मुद्द्याला मुद्दा, स्वल्पविरामासकट. मुख्याध्यापक खूश, माझं लेखी मग कोणी मागितलं नाही, प्रकरण मिटलं, अहवाल गेला नाही. मी तिच्यावर खूप ओरडलो. माझं ओरडून झाल्यावर तिने विचारलं, ‘‘आता तुमच्यावर काई येनार नाई ना, सर?’’

ब्राझीलच्या नद्या ती विसरेल, लोकसंख्या विसरेल, पण खरं लिहिलं की सरांवर येतं, हे विसरणार नाही. मी हे शिकवलेलं नाही आणि तरी ती माझ्याच विषयात शिकली. ते तिच्या डोक्यातून काढायला माझ्याकडे मार्चपर्यंतचाच वेळ आहे, आणि कसं काढायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

नवा पेपर तपासायला माझ्याकडेच आला. उत्तर गाईडप्रमाणे बरोबर होतं. मी चारपैकी चार दिले.