नॉबवरची गाठ

६ फेब्रुवारी, मंगळवार

ओव्हन गेला! मावशीचा. स्वयंपाकघरात भिंतीत बसवलेला, लोखंडी, वयानं माझ्या दुप्पट. सकाळी तिनं पाव टाकले आणि फाट्‌कन फ्यूज उडाला. पंखे बंद, पंप बंद. मी तोंडाला साबण फासून तसाच बाहेर!

मावशी म्हणजे घरमालकीण. मागची खोली तिनं मला दिलीय. तिनं लगेच मुलाला फोन केला, आणि तिथंच फसली. तो म्हणे, "बरं झालं. रविवारी माणूस घेऊन येतो, उखडून टाकू. पुरे झालं आता एकटीनं राहणं. चल माझ्याकडे."

फोन ठेवला. मग म्हणाली, "ओव्हन गेला की मीही गेले. तिकडे फुलदाणीसारखी कोपऱ्यात ठेवतील मला."

मी बोलून बसलो — रविवारच्या आत चालू करून देतो! काम करतो वेल्डिंगचं. ओव्हन जन्मात उघडलेला नाही. माझ्या तोंडाला कुलूप घालायला पाहिजे.

७ फेब्रुवारी, बुधवार

कामावरून आलो ते थेट ओव्हनपुढे. स्क्रू सगळे गंजलेले. एक तर रंगाखाली लपून बसलेला, सापडता सापडेना. शेवटी खेचून बाहेर काढला तर मागे एक चमचा, बाटलीची बुचं आणि उंदराचं रिकामं घरटं. मावशी म्हणाली, "इतकी वर्षं राहिला, भाडं दिलं नाही मेल्यानं!"

खालची कॉइल तुटून पत्र्याला टेकलीय. रोग कळला.

आईचा फोन. "नोकरी आहे ना? का तीही सोडलीस?" म्हटलं, आहे गं, घरी ओव्हन दुरुस्त करतोय. "म्हणजे सोडलीस!" माझं बूड कुठं टेकत नाही हे तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. खोटंही नाही म्हणा.

८ फेब्रुवारी

कॉइल मिळत नाही. दुकानदार म्हणतो, "हा ओव्हन तुम्ही खणून काढलात का?"

९ फेब्रुवारी, शुक्रवार

मिळाली! भंगारवाल्याकडे. पण पकडायच्या पट्ट्या जुळेनात. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातच नव्या कापल्या, वेल्ड केल्या. फोरमन मागे उभा. "हे कुठल्या ऑर्डरचं?" "मावशीच्या." हसला. दोन पाव माझ्यासाठी आण म्हणाला.

संध्याकाळी मावशी रस्त्यात समोरूनच आली. मी हात केला, तर ओळख न दाखवता सरळ पुढे! घरात मावशी, रस्त्यावर राणीसाहेब.

१० फेब्रुवारी, शनिवार

पेटला!! कॉइल लालबुंद. मी स्वयंपाकघरात नाचलो. दाराला नवी पट्टी लावली, आतला काजळीचा थर घासून काढला, पितळी नॉब तर आरशासारखा केला. त्यावर पिठाची एक वाळकी गाठ चिकटली होती, दगडासारखी. चाकूनं उडवली.

मावशीनं पाव टाकले. निघाले कोळसे!

मला वाटलं थर्मोस्टॅट गेला. परत सगळं उघडलं. त्यात काही खोट नाही. मावशी नॉबवरून बोट फिरवत उभी. "इथली गाठ कुठाय?"

"घाण होती ती. काढली."

"घाण तुझ्या डोक्यात! ती वर आणली की माझा पाव बरोबर होतो."

"अहो, आकडे आहेत की त्याच्यावर. वाचून फिरवा."

"आकडे तुझे तुला. माझी गाठ दे."

हट्टी बाई! पण उद्या रविवार. कोळसे बघितले की मुलगा छिन्नीच लावणार. मग बसलो. मी नॉब जराजरा फिरवायचा, मावशीनं दारात तळहात धरायचा. "कमी आहे. अजून. अजून जरा... बास! हलवू नकोस." तिथं खूण केली, नॉब काढला आणि कथलाचा डाग देऊन मोहरीएवढा थेंब बसवला. तिनं अंगठा फिरवला. चेहरा असा खुलला! पुढची खेप — सोन्यासारखी.

११ फेब्रुवारी, रविवार

मुलगा आला. सोबत छिन्नी-हातोडा घेतलेला गवंडी. घरभर पावाचा वास. मावशीनं दोघांना बसवलं, पुढ्यात ताटली ठेवली. गवंडी खातोय, खातोय, थांबायचं नाव नाही. मग मुलाला विचारतो, "साहेब, हा काढायचा? का पण?"

मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "तूच का तो दुरुस्त करणारा?" मी मान डोलावली. मग मावशीला म्हणाला, "ठीक आहे. धडधाकट आहेस तोवर राहा इथं. पण काही कमी-जास्त दिसलं तर त्याच दिवशी घेऊन जाणार. मग कुणाचं ऐकायचा नाही."

जिंकलो! फोरमनचे पाव बांधून ठेवलेत. गवंड्याचा डोळा होता त्यांच्यावर.

१३ फेब्रुवारी

मावशीनं हाक मारली, "इकडे ये. वाक जरा." पिठाच्या हातांनी माझं तोंड चाचपलं — कपाळ, नाक, हनुवटी, सगळं सावकाश. "बाप रे, केवढं नाक! आवाजावरून मला वाटलं होतं नाजूक असेल." मनापासून हसली. मग हात तसाच गालावर ठेवून, हळूच — "हे माझ्या मुलाला बोलायचं नाही हं."

नाही बोलणार.