अंदाजे जन्मलेल्या दोन खैरा

शनिवार, ८ नोव्हेंबर
आज घरात आलेला जिन्नस – रव्याची गोणी, ठरल्या दराने. ऑलिव्हचं तेल भावाच्या मळ्यातलं, फुकट. पुदिना तीस दिनार. साखर नाही. रमजाननंतर दवाखान्याच्या कागदावर मला मधुमेह निघाला, तेव्हापासून गोळ्या घेते आणि साखर आणतच नाही. माझा नवरा लख्दरही माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा पितो. "ए खैरा, हा चहा नव्हे, पुदिन्याला आंघोळ घातलेलं पाणी," म्हणतो. पण पितो.
रवा मळताना आज पुन्हा घेरी आली. परातीवरच वाकले. सून लमिया घाबरली.

रविवार, ९ नोव्हेंबर
लमियानं ऐकलंच नाही, मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साखर वाढलेली नाही, पार उतरलीय. गोळ्या बंद." रक्त घेतलंय.

बुधवार, १२ नोव्हेंबर
मधुमेह नाही. कधी नव्हताच! अल्हम्दुलिल्लाह. येत्या रमजानला रोजे धरता येतील – हेच मागत होते. शुक्राच्या, म्हणजे आभाराच्या, नमाजाच्या दोन रकाती जादा पढले.
लख्दर साखरेचा पुडा आणि जिलब्या घेऊन आला. लमियानं कशालाच हात लावला नाही. दवाखान्यांच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम तिनंच लिहिलेला. "मग तो कागद कुणाचा होता, यम्मा?" एवढंच म्हणाली आणि संगणकापाशी जाऊन बसली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
सापडलं. मी फ्रेंचांविरुद्धच्या लढाईच्या दिवसांत डोंगरात जन्मले, तारीख कुणालाच ठाऊक नाही. कारकुनानं लिहिलं – अंदाजे १९५७. आमच्या पिढीत असे ढिगानं. पण लमियाचा प्रोग्राम पुऱ्या तारखेशिवाय पुढेच जात नाही, म्हणून दवाखान्यातल्या पोरी आम्हा सगळ्यांना एक जानेवारी लावून टाकतात. त्यात आमच्या कबिल्यात थोरल्या नातीला आजीचं नाव. फ्रेंदा गावाकडे माझ्याच नावाची आणखी एक खैरा बेन्यहिया आहे, तिचाही बाप अब्दुलकादर, तीही अंदाजे १९५७. प्रोग्रामनं दोघींना एकच बाई धरलं, तिचे कागद मला आणि माझे तिला.
"माहीत नाही असं लिहायला मी जागाच ठेवली नव्हती," लमिया म्हणाली. "त्या जुन्या कारकुनाला तरी तेवढी अक्कल होती."
"त्याचं कौतुक नको," मी म्हटलं, "एवढं लिहायला माझ्या बापाची कोंबडी घेऊन गेला होता."
हसली. आणि मग रडली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
लमियाच्या कंपनीच्या मालकाचा, मुरादसाहेबांचा फोन. शुक्रवारच्या सुट्टीच्या दिवशी. आवाज स्वयंपाकघरापर्यंत.
"सासूबाई बऱ्या आहेत ना? मग गुपचूप दुरुस्त कर. रविवारी कचेरी उघडली की सरकारी माणसं यायचीत, नवे दवाखाने जोडायचेत. कुणाची तक्रार आलीय?"
"ज्याला कळलंच नाही तो तक्रार कसली करणार?"
"नोकरी नको झालीय का, पोरी?"
"हवीय. पण आधी सगळ्या दवाखान्यांना सांगते, मग तुम्ही ठरवा."
लमियानं प्रोग्राम बंद केला आणि एकेका दवाखान्याला फोन लावत बसली. प्रत्येकाला पहिलं वाक्य तेच – चूक माझी आहे. मी मध्ये मध्ये तिला घास भरवत होते. संध्याकाळी मालकाचा निरोप आला, रविवारी कामावर येऊ नकोस.
लख्दर हळूच म्हणाला, "घराचे हप्ते?" म्हटलं, हिशेब माझ्याकडे आहे, तुम्ही दुआ करा. मुलगा परदेशी असला तरी देवानं अशी सून दिलीय. आणखी काय मागू.

शनिवार, १५ नोव्हेंबर
पहाटे फज्रच्या नमाजात शुक्र म्हणताना जीभ अडली. आजार माझा नाही, म्हणजे त्या दुसऱ्या खैराचा आहे. माझा चांगला कागद तिच्या हातात आहे आणि ती गोड खात असेल. लमियानं शोधलं – ती ऐन सेफ्रा गावी लेकीकडे गेलीय. फोन कुणाला ठाऊक नाही, फक्त पत्ता मिळाला. आज पत्र टपालात टाकलं, ते इथे उतरवून ठेवते:
"खैरास खैराचा सलाम. बहिणी, तुझा मधुमेह रमजान झाल्यापासून माझ्या नावावर होता. गोड सोड, हे वाचताच डॉक्टरकडे जा. खाली माझ्या सुनेनं नाव लिहिलंय, चूक तिची. रागवायचं तर बरी होऊन रागव. कुणाकडून तरी लिहवून घे, पण कशी आहेस ते उलट टपाली कळव."