कापलेलं अकरावं दृश्य

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सिनेमा झाला एकदाचा! काल रिळांचे डबे तुमच्या तपासणी कचेरीत पोचते केले. दारावरच्या शिपायाने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं काही मी डब्यांत साप भरून आणलेत. तू वरच्या मजल्यावर होतास, पण वर आले नाही. अर्जात एक रकाना होता, जवळचं कुणी सरकारी नोकरीत आहे का. मी ‘नाही’ लिहिलं. लगेच नाक फुगवू नकोस, तुझ्या नोकरीला धक्का लागू नये म्हणूनच लिहिलं.

गोष्ट तुकड्यातुकड्याने सांगितली आहेच, आता सलग ऐक. एका शहरात हुकूम निघतो, की दिवसभरात मनात आलेले विचार प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचे आणि चौकातल्या पेटीत टाकायचे. एक शाळामास्तरीण रोज कोरी चिठ्ठी टाकते. कोऱ्या चिठ्ठीला कुठलं कलम लावायचं, हे वरपासून खालपर्यंत कुणालाच सुचत नाही. शेवटी तिला उचलून नेतात. दुसऱ्या दिवशी पेटीपुढे ही लांब रांग लागते, आणि एकूण एक चिठ्ठी कोरी निघते. ते शेवटचं दृश्य.

बाकी काय हवं ते कापा, पण ते राहू दे रे. चार वर्षं त्या एका दृश्यासाठी काढली आहेत. वशिला नको, नुसता वारा कुठला आहे ते कळव. जिवाला चैन नाही. या आठवड्यात दोनदा दूध करपवलं.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरच्या लोभाला तरी कात्री लावू नये, ही विनंती.

तुझी,
टकळी


१५ फेब्रुवारी

चि. टकळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पाकिटाचा डिंक तीन दिवसांच्या प्रवासानंतरही ओला होता. काय ते समज. म्हणून हे पत्र वहिनीच्या भावाच्या हाती पाठवतो आहे. उत्तरही त्याच्याचकडे दे.

परवा तुझा सिनेमा पाहिला. आमच्या खोलीत नऊ खुर्च्या आणि साहेबांच्या हाताशी टेबलावर घंटी. घंटी वाजली, की ते दृश्य गेलं. मी कोपऱ्यात छोट्या दिव्याखाली टिपणं घेत असतो. घंटी अकरा वेळा वाजली. अकरावी तुझ्या शेवटच्या दृश्याला. मला माफ कर.

मध्येच साहेबांनी मागे वळून विचारलं, की ही बाई इथे कुणाच्या ओळखीची आहे का. सगळे नाही म्हणाले. मीही नाही म्हणालो. तू अर्जात तसंच लिहिलं होतंस, मी वेगळं काय सांगणार होतो? पण टकळे, तेव्हापासून खुर्चीत बसवत नाही. फाइल उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. वहिनी म्हणते, मी दर पाच मिनिटांनी दाराची कडी बघायला उठतो.

आता यादी करायची. पूर्वी थिएटरवाले, नेमकं कुठलं दृश्य ते कळलंच नाही, असं म्हणून कापलेलं खुशाल दाखवायचे. तेव्हा नियम झाला, की कापलेलं दृश्य यादीत अथपासून इतिपर्यंत वर्णन करून लिहायचं आणि ती यादी थिएटरच्या दर्शनी फळ्यावर लावायची. बावीस वर्षं लिहितो आहे. सरकारी कागद दिसला की लोक मान फिरवतात, एकानेही वाचली नसेल.

तू आता गप्प राहा. काही दिवस नुसतं हवापाणी लिही. स्वतःला जप, आणि जमलं तर दादाला मनातून उतरवू नकोस.

तुझा,
दादा


२२ फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार. साष्टांग आज जमणार नाही, पाठ दुखते.

हवापाणी उत्तम आहे.

मी तुझ्यासाठी कागदावर ‘नाही’ लिहिलं. तू माझं काम समोर चालू असताना, पडद्यावरच्या माझ्याच माणसांकडे बघत ‘नाही’ म्हणालास. ही दोन ‘नाही’ सारखी नव्हेत, दादा. लहानपणी मी काच फोडली की पुढे होऊन मार तू खायचास. तेव्हा नऊ वर्षांचा होतास. आता निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, म्हणून का?

आणि आता तेच दृश्य तू तुझ्या मोत्यासारख्या अक्षरात कापलं म्हणून लिहिणार. लिही. शुद्धलेखन सांभाळ.

लोभाचं काय करायचं ते तूच ठरव.

धाकटी


९ मार्च

ती. दादास,
साष्टांग नमस्कार, अगदी जमिनीला कपाळ टेकून.

शुक्रवारी सिनेमा लागला. उरलाय एक तास पाच मिनिटांचा. मास्तरीण मध्येच अशी गायब होते, की शेजारचे गृहस्थ आपल्याला डुलकी लागली होती का, म्हणून बायकोला विचारत होते. मी रागाने मध्यंतरातच उठले. बाहेर येऊन बघते तर फळ्यापुढे ही गर्दी!

सहा पानं, दादा! पेटीचा गंजलेला पत्रा, मास्तरणीच्या बोटांवरचा खडू, काही म्हणून सोडलं नाहीस. एक चष्मेवाली बाई मागच्यांसाठी मोठ्याने वाचत होती. मी माझा सिनेमा तिथे उभ्याने ऐकला. रविवारी तर लोक तिकीट न काढता नुसता फळा वाचायला आले. कुणी वहीत उतरवून घेत होतं.

पण अकरावं दृश्य मी त्या बाईला पुन्हा वाचायला लावलं. तू लिहिलं आहेस, की रांगेत सर्वांत शेवटी मास्तरणीचा भाऊ उभा आहे, आणि तोही कोरी चिठ्ठी टाकतो. अरे, माझ्या सिनेमात तिला भाऊच नाही! बावीस वर्षांत तुझा एक अनुस्वार चुकला नाही, आणि हा अख्खा माणूस चुकून आला? मी भिंतीला धरून रडले. मागचं पत्र फाडून टाक.

आता भीती वाटते. कुणी यादी रिळाशी ताडून पाहिली तर? अंधारात दिसलं नाही म्हण, डोळ्यांवर ढकल, काहीही सांग. दोन ओळी तरी पाठव, नाहीतर मी तिथे येऊन धडकेन.

लोभ आहेच, तू फक्त सुखरूप राहा.

तुझी,
टकळी


१७ मार्च

चि. टकळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र साध्या टपालाने टाकतो आहे. वाटेत ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

नोकरी गेली. सोमवारी चौकशीला बोलावलं आहे, वहिनीने दोन सदरे पिशवीत भरून ठेवलेत. ती घाबरली आहे, पण मला बोलून दाखवत नाही. मीही घाबरलो आहे. फळ्यावरचे कागद सगळीकडून उतरवले. उतरवणारेही आधी वाचत उभे राहिले, असं कळलं.

साहेबांनी तुझं रीळ तीनदा लावलं आणि रांगेतली माणसं मोजली. मग मला उभं करून विचारलं, की हा माणूस सिनेमात कुठेच नाही, तर यादीत आला कुठून. डोळ्यांची सबब माझ्या ओठांवर होती, वहिनीनेही तीच पढवून पाठवलं होतं. पण मी म्हणालो, की साहेब, तो त्या बाईचा भाऊ, सिनेमा पाहिला त्या दिवशी याच खोलीत होता. तुम्ही विचारलंत तेव्हा तो नाही म्हणाला, म्हणून तुम्हाला दिसला नाही.

लोभ पहिल्यापासून होताच, आता तो सरकारदरबारी नोंदला गेला.

तुझाच,
दादा