पांढऱ्या पेशींची तेरवी

ती. दादांच्या पायांशी,

(म्हणजे उजव्या पायाशी, डाव्याचं काही विचारायचं नाही अशी तुमची ताकीद आहे) धाकट्या सूर्यभानचा साष्टांग नमस्कार. माझीही एक टाच कामातून गेली आहे, तेव्हा हा नमस्कार सात अंगांचाच समजावा. तुम्ही, वहिनी आणि अमरावतीचं ऊन कसं आहे? तुमची साखर आणि अंगठ्याखालची ती जखम यांची चौकशी मी करत नाही. फोनवर केली की तुम्ही फोन ठेवून देता. पत्र हातात आलं की तुम्ही शेवटपर्यंत वाचता, म्हणून लिहितो आहे.

झालं असं, की नांदगाव खंडेश्वरला आपल्या मळ्यात रोडग्यांचा नैवेद्य होता, कणकेचे गोळे निखाऱ्यांत भाजणं चाललं होतं. नैवेद्याचा विस्तव, म्हणून चपला बांधावर काढल्या. रोडगे भाजले की नाही ते विस्तवाजवळ जाऊन पाहण्याचा मान आपल्या घरात थोरल्याचा. पण तुम्ही आला नव्हता (का, ते विचारत नाही), म्हणून तो माझ्याकडे आला. सवय नसल्यानं मी थंड राख समजून टाच टेकवली ती नेमकी निखाऱ्यावर. मग पंगतीतल्या सगळ्यांना वैद्यकी आठवली. एकानं टूथपेस्ट लावली, दुसऱ्यानं हळद, तिसऱ्यानं गोडेतेल. फक्त फोडणी द्यायची राहिली. जमुना (माझी बायको, तिला दया कमी) म्हणाली, "पाय भाजला, पन रोडगे कच्चेच राह्यले."

अकोल्याला परतेपर्यंत टाच लाल, गरम आणि टम्म. पुढे पू झाला. आपली प्रणाली डॉक्टर होऊन आता पॅथॉलॉजी शिकते आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. ही पोरगी नुसते रिपोर्ट लिहायला शिकते, असं मला आजवर वाटत होतं. ती पट्टी बदलत असताना मी नाक मुरडलं, तर म्हणाली, "बाबा, नाक नोका मुरडू. पू म्हंजे तुमच्यासाठी मेलेल्या पेशी हायेत त्या." मग तिनं कॉलेजात नेऊन मला सूक्ष्मदर्शकाखाली दुसऱ्या कुणाची तरी जखम दाखवली. गुलाबी रानात जांभळे ठिपकेच ठिपके. ती सांगत गेली आणि मी डोळा लावून बसलो.

दादा, मी थक्क झालो. कुठे भाजलं, कापलं, की तिथल्या जखमी पेशी सांगावा धाडतात. बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात आणि जखमेकडे धावतात. गावात कडब्याच्या गंजीला आग लागली की हातची भाकर टाकून माणसं धावतात, तशा. जंतूंना गिळतात आणि तिथेच मरतात. मागून दुसऱ्या येऊन त्यांची प्रेतं उचलतात, तिसऱ्या धागे विणतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, आणि काठावरची कातडी सरकत सरकत मधे येते. आपल्याला ज्या सुजेचा राग येतो, ती या सगळ्या धावपळीची गर्दी असते. इतकी वर्षं या देहात राहिलो, आणि आत माझ्यासाठी कोण मरतं याचा पत्ता नव्हता. माझे डोळे भरून आले. (प्रणालीला वाटलं, फार वेळ पाहिल्यामुळे.)

आता जो आपल्यासाठी जीव देतो त्याची तेरवी करायला नको? मी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं: "रविवारी जठारपेठेत घरी तेरवी आहे. ज्यांनी माझ्यासाठी प्राण दिले त्यांच्याकरिता. जेवायला यावे. सूर्यभान." पण तेरवी हा शब्द दिसल्यावर पुढचं कोण वाचतो? माझ्या नावाचा संदेश, म्हणजे मीच गेलो असं सगळ्यांनी धरलं. मेलेला माणूस स्वतःच्या फोनवरून बोलावणं कसं करतो, असा प्रश्न आपल्या खानदानात एकालाही पडला नाही. लीलाबाई आत्या फाटकापासूनच रडत आल्या. दार मी उघडलं. त्यांनी मला पाहिलं, पण सूर लागलेला असल्यानं रडणं पुरं केलं आणि मग म्हणाल्या, "काहून रे, जित्ता हायस त सांगाले काय झालं होतं?" तरी सगळे पोटभर जेवले. प्रणालीनं वाढता वाढता पेशींची गोष्ट सांगितली. ती ऐकून आत्यांनी पानाशेजारी त्या पेशींसाठी एक घास काढून ठेवला.

सगळे आले, दादा, तुम्ही नाही आलात. मी मेलो असं कळूनही नाही आलात. तुम्ही दुष्ट नाही. लहानपणी मला काटा रुतला तर शाळा सोडून पळत येणारे तुम्ही. म्हणजे तुमच्या पायात चप्पल जात नसणार. मी प्रणालीला विचारलं, दादांची जखम तर दुखतही नाही, मग चांगलंच ना? तिनं हातातली वाटी खाली ठेवली. म्हणाली, "बाबा, मले त्याचंच भेव वाटते. साखरेनं नसा बधिर होतात, जखमेपर्यंत रक्त नीट पोचत नाई. पेशी धावतात, पन पोचत नाईत." तेव्हापासून मला झोप नाही. एवढी इमानी माणसं तुमच्या आत वाट शोधत असतील, आणि तुम्ही वर मोजा चढवून बसला आहात.

बाकी सर्व कुशल. टाच भरत आली आहे. थोड्या दिवसांत मी पूर्ण आठ अंगांनी नमस्कार करू शकेन.

तुमचा,
सूर्यभान

ता. क. खरं काम असं: हे पत्र घेऊन आलेले रऊफभाई आमचे शेजारी. त्यांची गाडी दाराशी उभी आहे, ते चहा घेणार नाहीत. प्रणाली इथे अकोल्याच्या दवाखान्यात तुमची वाट पाहते आहे. मीच आलो असतो, पण नव्या कातडीवर चालायची मला तिची परवानगी नाही.

ता. क. दुसरा: चालवत नसेल तर रऊफभाई उचलून नेतील. तुमचं वजन मी त्यांना थोडं कमी करून सांगितलं आहे.

ता. क. तिसरा: वहिनींना विचारून सांगतो, अशी सबब काढू नका. त्या केव्हाच तुमचे कपडे घेऊन गाडीत जाऊन बसल्या आहेत.