साहेबांनी केलेला ग्रुप

प्रिय रडूबाई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. नोकरी सोडलीस ती सोडलीस, आता म्हणे इमारतींचे नकाशे, स्लाइड्स सगळंच सोडून मावशीच्या दुकानात गल्ल्यावर बसणार. का, तर "माझ्या हातून काम बिघडतं." तुझा मेसेज वाचून आधी तुझी कीव आली, मग राग आला. तो अजून उतरलेला नाही.

आपल्या ऑफिसात कॉम्प्युटरचे शॉर्टकट शिकवायला एक माणूस आला होता, आठवतंय? साहेब तुझ्या शेजारी बसून डुलक्या काढत होते. त्यातून डोक्यात शिरलं ते एवढंच: कंट्रोल आणि ए दाबलं की स्लाइडवरचं सगळं निवडलं जातं, कंट्रोल आणि जी दाबलं की सगळ्याचा एक ग्रुप होतो. झालं, तेव्हापासून त्यांना शिंगं फुटली. मथळा हलवायचाय, कर ग्रुप. स्वतःचा फोटो मोठा करायचाय, कर ग्रुप. मग फोटोबरोबर दारं-खिडक्याही फुगतात, आणि हे मागे रेलून असे बघतात, जणू इमारत यांनीच उभी केली.

आणि मुलांच्या हॉस्पिटलची ती मीटिंग. किती खपली होतीस त्या एका स्लाइडसाठी! आधी जुनी खोली, एका क्लिकला भिंत सरकते, पुढच्या क्लिकला आजारी मुलाच्या खाटेशेजारी आईची खाट येते. घरी दाखवलीस तेव्हा मी ती तीनदा पुन्हा चालवायला लावली होती. तिथे पडद्यावर काय आलं? सगळं एकदम, एकावर एक, भिंत खाटेतून आरपार. हॉस्पिटलच्या डॉक्टरबाई चष्मा पुसायला लागल्या. साहेब हसून म्हणाले, "आमची ही मुलगी नवीन आहे, जरा गोंधळते." त्या माणसाचं मला नवल नाही, लाज त्याच्या गावीच नाही. पण तू? तेच खरं मानलंस, आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा!

परवा ते माझ्या टेबलाशी आले. माझ्या स्लाइडवर खाली त्यांचं नाव मावत नव्हतं, म्हणून बाकीचं वर सरकवायचं होतं. मला उठवलं, सगळं निवडलं, ग्रुप केला, सरकवलं, सेव्ह करून फाइल बंद. मी चालवून बघते तर एकेका क्लिकला यायच्या त्या सगळ्या गोष्टी एकदम हजर. ग्रुप केला की आतल्या प्रत्येक वस्तूचं ॲनिमेशन उडतं, गं! मी तिथल्या तिथे विचारलं, हॉस्पिटलच्या स्लाइडलाही हेच केलंत का? तर म्हणे, हो, मीटिंगच्या आधी थोडं, दिसायला बरं म्हणून. इतकं सहज. वर सॉफ्टवेअरलाच शिव्या घातल्या. अशा माणसापायी तू स्वतःला नालायक ठरवून बसली आहेस.

आता ऐक. डॉक्टरबाईंच्या डोक्यातून ती आईची खाट जात नाहीये. सोमवारी त्यांनी ती स्लाइड नीट दाखवायला पुन्हा बोलावलंय, आणि धड फाइल फक्त तुझ्या लॅपटॉपवर आहे. साहेबांनी मला फर्मावलं, बहिणीला गोड बोलून चार ओळी लिही आणि फाइल मागवून घे. तर हे ते पत्र. फाइल पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये, बाईंसमोर तूच उभी राहा, आणि प्रत्येक क्लिक तुझ्याच बोटाने कर. फाइल सोमवारी येतेय, असं मी साहेबांना कळवलंय. कोण घेऊन येतंय, ते त्यांनी विचारलं नाही.

तुझीच,
गोड बोलणं न जमणारी ताई