तिसऱ्या हाकेआधी

चिंचवड,
भाद्रपद वद्य पक्ष, १९५७

प्रिय रंभा,

कारवी फुलली आणि मी तुला सोडून ती पाहून आले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुझा राग पहिल्या ओळीवरच निघून जाईल. कुरुळीला तुमच्या गोठ्याच्या कुडाला टेकून आपण बोरं खायचो, आठवतं? शेण पोपडून पडलं होतं तिथून आतल्या काठ्या दिसायच्या. त्या कारवीच्या, आणि कारवी डोंगरावर सात वर्षांनी एकदाच फुलते, असं तुझ्या आत्यानं सांगितलं होतं. मोठं झाल्यावर दोघींनी मिळून बघायला जायचं, हे आपण त्या कुडालाच हात लावून ठरवलं होतं. मग तू बार्शीला नांदायला गेलीस आणि मी सभांना गेले.

घसा बसल्याचं तुला मागे लिहिलं होतं. तो अजून सुटलेला नाही. भोसरीच्या सभेत कर्णा बिघडला, मी तशीच बोलले, आणि दुसऱ्या दिवशी आवाज फाटला. ज्येष्ठमध झाला, हळद-गूळ झाला, मौन झालं. शाळेत फळ्यावर लिहून भागवते. थेरगावच्या बायकांच्या सभेला येत नाही म्हणून कळवलं, तर निरोप आला, "ताई, नुसत्या येऊन बसा." नुसती येऊन बसू? रंभा, माझ्यापाशी दुसरं आहे काय? नवरा गेला, मूलबाळ नाही, रूप कधीच नव्हतं. हा एक आवाज होता. लाठी उगारलेल्या शिपायासमोर मी मराठी राज्याची घोषणा दिली तेव्हा भ्यायले नाही. पण हल्ली सकाळी पहिला शब्द उच्चारायला भिते. चूल पेटून चहा होईपर्यंत तोंड उघडत नाही. आज कसला आवाज निघेल, कुणास ठाऊक!

शेजारच्या मुमताजचा नवरा मन्सूर मालमोटार चालवतो. खेडच्या पलीकडच्या डोंगरगावांत तो मीठ-तेल पोचवतो आणि येताना हिरडा भरून आणतो. त्यानंच बातमी आणली की भीमाशंकरच्या अंगाला कारवी फुलली आहे. मी मुमताजला म्हटलं, चल. ती म्हणाली, "कुसुमताई, चाकणच्या बाजारात तुमी बोलायच्या तर बैल बुजायचे. आता मांजर बरी. चला, डोंगराची हवा तरी खाऊ." मी हसले. हसतानाही घशात काहीतरी अडकलं.

मोटारीचा रस्ता संपला तिथे अंबूबाईच्या घरी आम्ही उतरलो. ही म्हातारी मन्सूरला मध देते. सकाळी तीच आम्हाला वर घेऊन निघाली. चढ लागताच तिनं बजावलं, "ढग उतरला नि चुकामूक झाली तर हाक मारा. पर तीन मारा. एक-दोन हाकांना आमी वो देत न्हाई. चकवा दोनदाच हाक मारतो, तिसरी त्याला येत न्हाई." मुमताजनं माझ्याकडे पाहून डोळा बारीक केला. जत्रांतल्या भाषणांत मी याच समजुतीची किती रेवडी उडवली आहे! "तुमचा चकवा तिसरी यत्ताही पास नाही का?" असं म्हटलं की लोक पोट धरून हसायचे. चकवा नसतो, हे मी आजही कुठल्याही व्यासपीठावर सांगेन. सांगता आलं तर.

माथ्यावर पोचलो तेव्हा लख्ख ऊन होतं. रंभा, कारवी माझ्या डोक्यापेक्षा उंच! कड्यापर्यंत सगळा उतार जांभळा झालेला, आणि मधमाश्यांचा घुमारा असा की जमीनच गुणगुणते आहे असं वाटावं. कित्येक सभांत मी ओरडून सांगितलं होतं, "कारवीसारखे व्हा! फुलाल तेव्हा सगळा डोंगर एकदम फुला!" टाळ्या पडायच्या. पण एकदा फुलली की कारवी वाळते, मरते, आणि मग तिच्या काठ्या कुडाला येतात, हे मी कधी सांगत नसे. तिथे उभी असताना मला तेवढंच आठवत राहिलं.

तुझ्यासाठी एक तुरा घ्यावा म्हणून चार पावलं आत शिरले. "तिकडं कडा हाय, बाई!" असं अंबूबाई म्हणाली तेवढ्यात ढग आला. आपल्या गावचं धुकं नव्हे ते. पुढे केलेला स्वतःचा हात दिसेना. वळले तर सगळीकडे सारख्याच काठ्या. खालून, कोकणाकडून, वारा थेट तोंडावर येत होता, म्हणजे कडा समोरच असणार, पण किती समोर? पाय उचलवेना. मी हाक मारली, "मुमताज!" आणि जो आवाज निघाला तो ऐकून माझ्याच अंगावर काटा आला. ओल्या दाराची करकर असते तसा. दुसरी हाक मारायला तोंड उघडलं, तर काहीच नाही. नुसता वारा आत आला. हजारोंच्या सभा गाजवलेली मी, रंभा, एका कारवीच्या झुडपाला धरून तोंडाची उघडझाप करत उभी होते.

त्या दोघींनी माझी हाक ऐकली होती, हे मुमताजनं मागाहून सांगितलं. मुमताज धावत निघाली, तर अंबूबाईनं तिचा पदर धरला, "थांब गं, ह्यो त्या बाईचा आवाज न्हाई. तिसरी येऊ दे." आणि मुमताज थांबली. रोज भिंतीपलीकडून माझं बोलणं ऐकणारी मुमताज! तिलाही तो आवाज माझा वाटला नाही.

शेवटी पिशवीतला भाकरीचा डबा काढून मी दगडानं बडवला. बडवतच राहिले. त्या आवाजावर दोघी आल्या. मुमताज मला धरून रडली. अंबूबाई म्हणाली, "चकव्यापाशी डबा कुठनं यायचा? म्हनून आलो." खाली उतरेपर्यंत मुमताजनं माझं मनगट सोडलं नाही. निघताना तुझ्यासाठी तुरा तोडून मी डब्यात ठेवला होता, तो आता काळा पडला आहे. तरी पाठवते.

आता खरं लिहिते. डोंगरावर जायच्या आधीच मी पुण्याला डॉक्टरांकडे जाऊन आले होते. त्यांनी घशात आरसा घालून पाहिलं. आवाजाच्या पडद्यावर गाठ आहे. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी कापणार आहेत. मग ती कसली ते तपासतील. आवाज राहील का, असं विचारलं तर ते हात धूत राहिले. पुढच्या बहराची खात्री वाटेना, म्हणून तुझी वाट न पाहता गेले. मुमताजला हे काही सांगितलेलं नाही. सांगायला तोंड उघडलं की तो डोंगरावरचा आवाज निघेल, अशी भीती वाटते. माझा जुना आवाज तुझ्याइतका कुणी ऐकलेला नाही, त्या कुडापाशी होता तेव्हापासूनचा. म्हणून त्या दिवशी तू पुण्याला ये. शुद्धीवर आल्यावर मी तुलाच हाक मारीन. आवाज येईल, की नुसते ओठ हलतील, ते मला माहीत नाही. तू तिसरीची वाट बघू नकोस, रंभा. पहिल्याच हाकेला ओ दे.

तुझ्या ओसाठी कान लावून बसलेली,
तुझीच,
कुसुम